झुल्मिराने दाखवलेली वाट

पोर्तुगालमधल्या पोर्तोत, नदीकडे उतरणाऱ्या एका चिंचोळ्या गल्लीत झुल्मिरा राहायची. सत्तरीला टेकलेली, गुडघे धरलेले, जीभ मात्र तिखट. सगळी हयात मासे विकण्यात गेलेली, त्यामुळे आवाज पार नदीपलीकडे पोचायचा. त्याच जिन्यावरच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात तिची मैत्रीण अल्बर्टिना राहायची. घरमालकाने तिला काढलं आणि तिथे एकट्याने फिरणाऱ्यांसाठी स्वस्तातलं वसतिगृह थाटलं. त्या दिवसापासून पाठीवर बोचकं घेऊन गल्लीत शिरणारा प्रत्येक माणूस झुल्मिराचा वैरी झाला.

वसतिगृहाची पाटी तिनेच उचकटून कचऱ्यात टाकली. कुणी खिडकीखाली येऊन पत्ता विचारला, की तिचं बोट चढणीकडे जायचं. "सरळ वर!" वर, चढ संपतो तिथे दफनभूमीचं फाटक होतं. माणसं घामाघूम होत निघाली, की झुल्मिराला जेवण गोड लागायचं.

ऑगस्टातल्या एका दुपारी तिने स्पेनमधल्या विगोहून आलेल्या रेमेडिओसला असंच वर धाडलं. सीमेपलीकडची, साठीची, ठेंगणी बाई. एकटीच बॅग ओढत गेली, पण परतली तेव्हा सोबत दोघं होती. तोरलाइफ, नॉर्वेचा एक टकला सुतार, आणि दाइवा, लिथुआनियाची नर्स. तिघंही एकेकटी निघालेली, तिघांनाही एकाच म्हातारीने फाटकाशी पाठवलेलं. तिथे पायरीवर बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिच्या नावाने बोटं मोडता मोडता त्यांची गट्टी जमली होती.

"ए म्हातारे!" रेमेडिओस खालून ओरडली. तिची भाषा पोर्तुगीजच्या सख्ख्या बहिणीसारखी, शब्द न् शब्द कळत होता. "आम्हाला जिवंतपणी पुरायला निघालीस?"

"आपण होऊन गेलात तर बरंच की! गल्लीतली घाण तरी कमी होईल."

"खाली ये, मग दाखवते घाण!"

"तूच ये वर. तुला जागाच कुठे सापडते म्हणा!"

तोरलाइफ पोट धरून हसायला लागला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण भांडणाचा दर्जा कळला होता. मग दाइवाला दारावर पाटीच्या स्क्रूची भोकं दिसली आणि तिघं जिना चढून आत गेली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे हसणं थांबेना. झुल्मिराने झाडूच्या दांड्याने भिंत बडवली. पलीकडून रेमेडिओसने पळीने बडवून उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी दोघी जिन्यात समोरासमोर आल्या. कुणीच बाजूला होईना.

"तुम्ही लोकांनी माझ्या मैत्रिणीचं घर खाल्लंत," झुल्मिरा म्हणाली.

"आणि माझ्या खालचं, वरचं, शेजारचं कुणी खाल्लं? विगोतही हीच तऱ्हा आहे, बाई. नवरा गेल्यापासून त्या इमारतीत जुनी अशी मी एकटी उरलेय."

"मग तू इथे कशाला कडमडलीस?"

"घरी असल्याच प्रवाशांशी भांडून भांडून दमले. म्हटलं, चार दिवस आपणही कुणाच्या तरी डोक्यावर बसावं."

"दुसऱ्यांच्या जिवावर मजा मारतेस. लाज नाही वाटत?" झुल्मिरा म्हणाली.

"वाटते. पण घरात बसूनही वाटायचीच. हल आता, दोघं खाली थांबलीत."

झुल्मिरा हलली नाही. रेमेडिओस तिला खांद्याने ढकलून खाली उतरली.

चौथ्या दिवशी तिघं निघाली. दाइवाने पुढचा बेत रद्द केला होता, तोरलाइफनेही. दोघंही रेमेडिओसबरोबर विगोला चालली होती. खिडकीखाली थांबून रेमेडिओसने वर पाहिलं.

"विगोला ये कधी. माझ्या दारात येऊन भांड."

"माझं काय अडलंय!" म्हणत झुल्मिराने खिडकी आपटली.

काचेआडून मात्र तिघं कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने कॉफी ठेवली. दुपारपर्यंत भिंतीपलीकडून कसलाच आवाज आला नाही. ती शांतता तिला सोसवेना, आणि सोसवत नाही याचाच तिला त्या तिघांवर आला नसेल इतका संताप आला.