बेचाळिसावा स्वेटर

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या वाटेला कुणी जाऊ नये. मी या घरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली, मी कधी गेले नाही. शेजारणीने एकदा त्यांची कात्री नेली आणि बोथट करून परत दिली, तर अकरा वर्षं तिच्याशी बोलल्या नाहीत. अकरा वर्षांनी बोलल्या त्या एवढंच, की धार लावून आण.

शाळेत विणकाम शिकवायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा वहीत एकेचाळीस नमुने होते, सगळे स्वतः बसवलेले. माझ्या लेकीने त्यांचं ॲप केलं. फोन समोर ठेवायचा, एक ओळ विणून झाली की बोट टेकवायचं, की पुढची ओळ दिसते, कुठे सुलटा टाका, कुठे उलटा. फोटोत हात जाऊबाईंचेच, करंगळीवरच्या भाजल्याच्या डागासकट. मोबाइलमधल्या ॲपच्या दुकानात ‘विणकाम’ शोधलं की तीन वर्षं आमचंच नाव पहिलं यायचं.

मग दुकान चालवणाऱ्या कंपनीनेच विणकामाचं ॲप काढलं. दुकान त्यांचं, फळ्या त्यांच्या. त्यांचं ॲप सगळ्यात वर आणि आमचं कुठेतरी तळाला. नमुने तेच एकेचाळीस, फक्त हात कुणा तरुण पोरीचे. दुसरीकडे जावं म्हटलं, तर त्या फोनमध्ये दुसरं दुकानच नाही. लेकीने तक्रार केली. उत्तर आलं, तुमचंच ॲप आमच्या ॲपची नक्कल दिसतंय, चार महिन्यांत बदला, नाहीतर काढून टाकू. चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊबाईंनी मात्र सुया खाली ठेवून ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. मला तेव्हाच कंपनीची कीव यायला हवी होती.

लेकीने स्पर्धा आयोगाकडे अर्ज केला. बाजारात मोठा छोट्याला चिरडत असेल तर ते बघणारं हे सरकारी कार्यालय. त्यांनी पुरावा मागितला. वही जुनी आहे हे कशावरून? दुकानातल्या तारखा तर कंपनीच्याच हातात.

तीन दिवसांनी जाऊबाईंनी बेचाळिसावा नमुना लिहिला. पुरुषांचा बंद गळ्याचा स्वेटर, छातीवर वेलाची सुरेख नक्षी. मी वाचला, मला काही खुपलं नाही. त्या म्हणाल्या, गळा बघ. दर चौथ्या ओळीला दोन टाके कमी करायचे, तिथे त्यांनी दर दुसऱ्या ओळीला लिहिलं होतं. नुसतं वाचून कळत नाही. विणलं की कळतं, त्या गळ्यातून मनगट जाईल, डोकं नाही.

दुकानाचा नियम असा, की ॲपमध्ये काही नवं घालायचं तर आधी त्यांच्याकडे तपासायला पाठवायचं. ते पास करतील आणि मग आपण सोडू, तेव्हा लोकांना दिसणार. लेकीने पाठवलं. चौथ्या दिवशी नापास होऊन परत आलं. कारण काय, तर यात नवीन काही नाही. बाराव्या दिवशी तोच स्वेटर त्यांच्या ॲपमध्ये, वेलासकट, गळ्यासकट. जाऊबाईंनी त्या दिवशी माझ्याकडे स्वतःहून दुसरा कप चहा मागितला.

महिन्याभरात त्यांच्या ॲपखाली लोकांच्या शिव्या सुरू झाल्या. जाऊबाई त्या चवीने वाचायच्या, मला ऐकवायच्या. एक दिवस मध्येच थांबल्या. कुणा बाईने लिहिलं होतं, नवऱ्यासाठी दोनदा विणला, दोनदा उसवला, माझ्याच हातात कला नाही. हिचं अर्धं पाप माझ्या माथी, म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. मला वाटलं, आता विरघळल्या. छे! त्याच दुपारी निळी लोकर आणली आणि कंपनीच्या ॲपवरून तो स्वेटर विणायला घेतला, एकही टाका न बदलता.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल आणि आठ खुर्च्या. कंपनीचे वकील उंच, डोक्याने भरभक्कम. त्यांनी लेखी म्हणणं वाचलं, की आमचा प्रत्येक नमुना आमचे कारागीर आधी विणतात, माणसाच्या अंगावर घालून बघतात, मगच लोकांना देतात. आयोगाच्या अधिकारी बाईंनी विचारलं, हा वेलाचाही? अर्थात, वकील म्हणाले.

जाऊबाईंनी पिशवीतून स्वेटर काढला. “तुमच्याच ॲपवरून विणलाय. घाला.”

वकील हसले. अधिकारी बाई हसल्या नाहीत. घालून दाखवा की, म्हणाल्या, त्यात काय एवढं.

हात बाह्यांत गेले, डोकं आत अडकलं. निळ्या लोकरीखाली ते इकडून तिकडे फिरत होतं, नाक कुठे नि कान कुठे पत्ता लागेना. तेवढ्यात लेकीने नापासाचं पत्र टेबलावर ठेवलं. हा नमुना आम्ही कुणालाच दिलेला नाही, ती म्हणाली, फक्त यांच्याकडे तपासायला पाठवला होता, तारीख बघा.

“दारावरून परत पाठवलेलं सामान तुमच्या घरात कसं आलं?” बाईंनी विचारलं. स्वेटरच्या बाह्या नुसत्या हवेत हलल्या. निकाल लागेपर्यंत आमच्या ॲपला हात लावायचा नाही, असं त्यांनी तिथेच लिहिलं. मग म्हणाल्या, अहो, यांना जरा बाहेर काढा कुणीतरी.

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. “एका बाईने हा दोनदा उसवला. यांना एकदा तरी उसवू दे.”

कात्री आहे का कुणाकडे, बाईंनी सगळ्यांना विचारलं. जाऊबाईंच्या पिशवीत होती, धार लावलेली. मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.