बिनटाक्याचं ऑपरेशन

अंजनाचं वाटोळं माझ्या जिभेनं केलं. कुंडल गावात माझी, जाफरची, पिठाची गिरणी हाय. ती बाई माझं रोजचं गिऱ्हाईक. तवा तिची कथा मीच सांगायला पायजे, मला लाज वाटली तरी.

आकारामची ती बायको. सिद्धू झाला आणि तिचे कान बसायला लागले. वर्सभरात अशी गत झाली, की सासू बनाबाईनं परसातनं हाका मारून घसा कोरडा केला तरी ही आपली चुलीपुढं भाकरी थापतीय. पोर रडून लालबुंद व्हायचं, हिला पत्ता न्हाई. बनाबाई गावभर सांगायची, कामचुकार हाय, सोंग करतीय.

पण हीच अंजना दळण घेऊन गिरणीत आली, की लख्ख ऐकायची. इंजिन धडधडतंय, पट्टा फटाफट वाजतोय, मला सोताला धड काय ऐकू येत न्हाई, आणि ही बायांशी निवांत गप्पा मारतीय. "जाफरभाई, बारीक दळा, मागल्या येळी भरडं आलं," असं मला सांगणार आणि माझं उत्तरबी ऐकणार. मला वाटायचं, बाई लय बेरकी हाय. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटायची.

चौऱ्याहत्तर साली मारुतीच्या देवळापुढं गावातली चार शहाणी बसली. आकारामनं तिला टाकायचं ठरवलंच व्हतं, नुसती साक्ष पायजे व्हती. मला बोलावलं. मी छाती काढून सांगितलं, "माझ्या गिरणीत तिला समदं ऐकू येतं." एक अक्षर खोटं न्हवतं. अंजना खांबाला टेकून माझ्या तोंडाकडं बघत व्हती. काय बोललो ते तिला कळलंबी नसंल. तिथंच ठरलं, बाई म्हायेरी आणि पोर बापाकडं. सिद्धू तवा दोन वर्सांचा व्हता.

तिचा भाऊ जोतिबा फौजेत. सात म्हयन्यांनी रजेवर आला आणि गिरणीत येऊन त्यानं माझी गचांडी धरली. "चल मिरजेला. डाक्तर काय सांगतोय ते तूच ऐक."

गेलो. डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा वाजवून अंजनाच्या कानामागच्या हाडाला टेकवला, मग कानापुढं धरला, मग माझ्याकडं वळले. "कानात तांदळाच्या कणीएवढं हाड असतं. ते हललं की आवाज आत जातो. हिचं हाड घट्ट बसलंय. बाळंतपणात हा रोग वाढतो. तुमच्या इंजिनाचा आवाज हिच्या कानात दबून जातो, आणि गिरणीत सगळेच जवळ येऊन ओरडून बोलतात, म्हणून तिथं हिला ऐकू येतं. या रोगाची खूणच आहे ती."

मी सोंग म्हणून सांगितलं ती रोगाची खूण व्हती. मला तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन नव्या तऱ्हेचं व्हतं. मोठ्या दुर्बिणीतनं बघत, कानाच्या भोकातनंच, ते हाड काढलं आणि प्लॅस्टिकची बारकी दांडी बसवली. एकाच कानाचं केलं. पुढं आठवडाभर अंजना सोताच्याच बांगड्या वाजल्या तरी दचकायची. मग म्हणाली, "आता सिद्धूकडं चला."

म्हयन्याभरानं आमी तिघं आकारामच्या दारात गेलो. त्यानं तवर दुसरी बायको आणली व्हती. बनाबाई आत जोंधळं निवडत बसलेली. मान वर न करता पुटपुटली, "आली का नाटकी?"

"व्हय आत्या, आले," अंजना म्हणाली. हसून म्हणाली. ऐकू आल्याचाच तिला एवढा आनंद, की शिवी कळली न्हाई.

जोतिबानं ऑपरेशनचं सांगितलं तशी बनाबाई उठली. तिनं अंजनाचे केस बाजूला सारून दोन्ही कानांमागं निरखून बघितलं. "ऑपरेशन म्हंता, मग टाका कुठाय?"

टाका न्हवताच. जोतिबानं डॉक्टरांचा कागद काढला, तो सगळा इंग्रजीत. मी म्हणालो, "आवं, मी व्हतो मिरजेला. ती खरंच बहिरी व्हती."

"जाफरा, मग देवळापुढं कोण बोललं व्हतं?"



तेवढ्यात नवी बायको सिद्धूला कडेवर घेऊन आली. अंजनानं हात पुढं केले. पोरगं घाबरलं, त्यानं नवीच्या पदरात तोंड खुपसलं आणि विचारलं, "आई, ही कोण?"

अंजनानं आपल्या लेकराचा बोल नीट ऐकला तो हा पहिलाच. जोतिबा भांडत ऱ्हायला, मी बनाबाईपुढं हात जोडले, आकाराम घरातनं बाहेर आलाच न्हाई. अंजना कवाच वाटेला लागली व्हती.

वर्सानं डॉक्टरांनी दुसऱ्या कानासाठी बोलावणं धाडलं. ती गेली न्हाई. जोतिबाला म्हणाली, "एका कानानं ऐकलं तेवढं बास झालं."