पंचवटीचं परग्रहशोध मंडळ

एखादी गोष्ट शोधायला निघालेल्या माणसांना ती सापडली, की त्यांच्याकडे सांगायला एकच किस्सा उरतो. आयुष्यभर तोच! आमचं तसं झालं नाही. आम्ही वर्षानुवर्षं परग्रहावरचे जीव शोधले, ते सापडले नाहीत, आणि किश्श्यांचा मात्र ढीग लागला. आजही आमच्यातलं कुणी लग्नात भेटलं, की जेवणाची पंगत उठून जाते, आम्ही आपले हात वाळवत तिथेच.

तर सुरुवात अशी झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला पंचवटीत, पूजासाहित्याच्या दुकानाच्या वर, माझा कम्प्युटर क्लास होता. एका दुपारी खैरनार सर जिना चढून आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकतेच रिटायर झालेले इंजिनियर. खिशात फ्लॉपी.

"मॅडम, तुमचे कम्प्युटर दुपारी काय करतात?"

"काही नाही. बसून असतात."

"माझ्यासारखेच! त्यांना कामाला लावू या."

मग सरांनी समजावलं. अमेरिकेची एक अवाढव्य रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातून येणारे आवाज टिपते. त्यात कुणी मुद्दाम पाठवलेला सिग्नल आहे का, हे तपासायचं तर आकडेमोड इतकी, की तिथल्या विद्यापीठाचे कम्प्युटर पुरत नाहीत. म्हणून त्या आवाजाचे तुकडे करून ते जगभरातल्या साध्या माणसांना इंटरनेटवरून पाठवतात. आपला कम्प्युटर रिकामा असला की तो आपला तुकडा तपासत बसतो. स्क्रीनवर रंगीबेरंगी सुळके वरखाली होतात. संपलं की निकाल परत पाठवायचा, नवा तुकडा घ्यायचा.

"म्हणजे पंचवटीतून परग्रह सापडू शकतो?" मी विचारलं.

"का नाही? कुठून तरी सापडणारच आहे ना!"

या वाक्यावर आमचं मंडळ स्थापन झालं. सर, मी, आमच्या गल्लीतला केबलवाला भामरे, आणि कुंडलीचं सॉफ्टवेअर शिकायला आलेले गायधनी गुरुजी. सरांच्या मिसेस, म्हणजे खैरनार काकू, मंडळात नव्हत्या. त्या विरोधी पक्षात होत्या.

* * *

पहिल्याच आठवड्यात येवल्याकडचे एक कांद्याचे व्यापारी मुलाची ॲडमिशन घ्यायला आले. मी फीचं सांगतेय आणि त्यांचं लक्ष माझ्या मागच्या स्क्रीनवर. सुळके वर चाललेत, खाली येतायत, पुन्हा वर.

शेवटी न राहवून ते म्हणाले, "ताई, हा आजचा का? लासलगावचा?"

"काय लासलगावचा?"

"कांद्याचा भाव!"

"नाही हो, हे आकाशातून आलंय."

त्यांनी मान हलवली. "आम्ही पण तेच म्हणतो. जमिनीवर कुणाला कळतो तो?"

ॲडमिशन झाली. नंतर ते गृहस्थ मुलाला सोडायला आले की आधी स्क्रीनकडे बघायचे आणि मग मोबाइल काढून कुणाला तरी म्हणायचे, "थांब आज, विकू नको!"

* * *

गायधनी गुरुजींचं घराणं पिढ्यान् पिढ्या रामकुंडावर अस्थिविसर्जनाचे विधी करणारं. मला वाटलं होतं, हे सगळं ऐकून ते नाक मुरडतील. पण त्यांना भलताच रस! रोज दुपारी कामं आटोपली की टोपी काढून स्क्रीनसमोर बसायचे.

एकदा सर म्हणाले, "गुरुजी, उद्या खरंच सापडले, तर तुम्ही त्यांना पहिला प्रश्न काय विचाराल?"

गुरुजींनी जराही विचार केला नाही. "तुमच्यात मरतात का?"

"अहो, हा काय प्रश्न झाला!"

"मरत असतील, तर काळजी करू नका सर. शोधायची गरज नाही. एक दिवस रामकुंडावर येतीलच!"

* * *

नंतर लोडशेडिंगचे दिवस आले. सगळ्या गावाला रोज ठरल्या वेळी अंधार किंवा पंखा बंद. लाइट गेले की गल्लीतला प्रत्येक जण सरांकडे असं बघायचा, जणू ते एकलहऱ्याहून निघताना मेन स्विच घरी घेऊन आलेत.

एका दुपारी फारच रंगतदार सुळका आला होता. सरांच्या मते इतका उंच कधी आलाच नव्हता. आता निकाल पाठवायचा, म्हणून मी फोनची वायर मोडेमला लावली. मोडेम किर्रर्र करत कसाबसा लागला, आणि लाइट गेले!

सर सभ्य गृहस्थ. शिवी कधी द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी वायर काढून फोनला लावली आणि वीज मंडळात असलेल्या आपल्या जुन्या ज्युनियरला फोन केला.

"अरे, पंचवटीला जरा दहा मिनिटं लाइट दे. फार महत्त्वाचं काम अडकलंय."

"सर, सगळ्यांचंच अडकलंय. कारण काय लिहू?"

"हे माझं काम नाही रे! अख्ख्या मानवजातीचं आहे!"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग अगदी आदराने उत्तर आलं, "सर, मानवजातीला सहानंतर मिळेल. शेड्यूल आहे."

* * *

दुसऱ्याच्या दुर्बिणीवर किती दिवस राहायचं, म्हणून सरांनी स्वतःची करायला घेतली. भामरेकडे केबलची एक जुनी मोठी छत्री पडून होती. आम्ही ती क्लासच्या गच्चीवर चढवली. सरांनी स्वतः जोडलेला रिसीव्हर, त्याला माझ्या कम्प्युटरचा स्पीकर.

महिनाभर नुसती खरखर. भामरे सटाण्याकडचा. उत्साहात आला की त्याची अहिराणी सुटायची. एका सकाळी तो गच्चीवरून ओरडला, "सर! काही तरी शे! सर, पळा!"

आम्ही सगळे वर धावलो. स्पीकरमधून स्पष्ट आवाज येत होता. टक-टक-टक-टक! एका लयीत. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू. सर छत्रीकडे झेपावले. त्यांनी छत्री थोडी डावीकडे फिरवली, आवाज कमी झाला. उजवीकडे फिरवली, वाढला. अजून उजवीकडे. अजून खाली. अजून खाली...

छत्री चांगली रस्त्याकडे वाकली, तेव्हा भामरेने कठड्यावरून डोकावून बघितलं. खाली एक रिक्षा इंजिन चालू ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघत उभी होती. जुनाट इंजिन, टक-टक-टक-टक!

सर तसेच खाली गेले. "दादा, जरा इंजिन बंद करता का? वर आम्हाला सिग्नल मिळत नाहीये."

रिक्षावाल्याने त्यांना नीट निरखून बघितलं. म्हातारा माणूस चुकलाय, अशी त्याची खात्रीच झाली. हाताला धरून तो म्हणाला, "बाबा, सिग्नल इथं नाय. निमाणीच्या चौकात हाय. बसा, सोडतो!"

* * *

सरांना भाषणाची हौस होती. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत आम्हाला बोलावलं. एसटीने गेलो. भामरेच्या मांडीवर स्लाइड दाखवायचं मशीन, माझ्या मांडीवर पडदा. शाळेत पोरांइतकीच मोठी माणसंही जमली होती. सर भलतेच खुलले. ग्रह दाखवले, तारे दाखवले, तासभर बोलले.

प्रश्नांच्या वेळी मागून एक म्हातारे उठले. "साहेब, ती लोकं हायेत का नाय, ते नक्की नाय?"

"नक्की नाही, बाबा."

"असली तर लांब हायेत."

"फारच लांब."

"मग एवढ्या आभाळात तुम्ही बघता तरी कुठं?"

सर खूश झाले. "फार छान प्रश्न! जिथे पाणी असेल, तिथेच जीव असणार. म्हणून आम्ही पाण्याच्याच जागा शोधतो."

"पाणी?" म्हातारे सावध झाले. "वैशाखात पण?"

सर अडखळले. "म्हणजे... असू शकेल, बारा महिने."

म्हाताऱ्यांनी मागे वळून सगळ्या पाड्याकडे बघितलं आणि पुन्हा सरांकडे. "मग त्यांना कशाला इकडं बोलावता? आम्हालाच तिकडं धाडा ना!"

सगळी शाळा हसली. सरही हसले. पण परतीच्या एसटीत नाशिक येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. रस्त्याकडेला बायका हंडे घेऊन चालल्या होत्या. नंतरच्या भाषणांतून पाण्याची स्लाइड त्यांनी काढली नाही, पण ती आली की आवाज जरा खाली घ्यायचे.

* * *

या भाषणांमुळे एका स्थानिक पेपरच्या वार्ताहराला आमचा पत्ता लागला. तो आला, फोटो काढले, सरांशी खूप बोलला. सरांनी फोटोसाठी कोट घातला होता. शेजारी त्यांनी घरी केलेला, पुठ्ठ्याचा मंगळ.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. बातमी छान होती. फोटोखालच्या ओळी मात्र कुणी तरी घाईत लावल्या होत्या. पुठ्ठ्याच्या मंगळाखाली लिहिलं होतं, "संशोधक खैरनार". आणि सरांच्या खाली, "परग्रहवासी".

आम्ही घाबरतच सरांच्या घरी गेलो. सर डोक्याला हात लावून बसलेले. काकू मात्र चष्मा लावून, पेपर अगदी जवळ धरून वाचत होत्या.

"लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय?" त्या म्हणाल्या. "पेपरवाल्यांना आज कळलं!"

कात्रण त्यांनीच फ्रेम करून घेतलं. दिवाणखान्यात, दारासमोर!

* * *

एकदा मंडळात मोठा वाद झाला. समजा, उद्या खरंच निरोप आला, तर उत्तर काय द्यायचं? सरांचं मत, गणिताने सुरुवात करावी. एक, दोन, तीन, चार. गणित विश्वात सगळीकडे सारखंच. गुरुजींचं मत, ओंकार. मी म्हटलं, आधी आपण कोण ते सांगू.

 सरांनी भामरेला विचारलं, "तुझं काय?"

"सर, कुणी दारात आलं तर आपण काय विचारतो? जेवन व्हयनं का?"

आम्ही हसायला लागलो. सर म्हणाले, "अरे, जवळपासचा एखादा तारा धरला तरी निरोप जायला पन्नास वर्षं. उत्तर यायला पन्नास. शंभर वर्षांनी काय उत्तर येणार आहे?"

भामरे शांतपणे म्हणाला, "येईल ना. 'हो, झालं. तुमचं?'"

सर इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा पुसता पुसता म्हणाले, "तेवढं आलं तरी पुरे रे. बाकी काही नको."

* * *

आता शेवटचा.

पुढे काही वर्षांनी सरांना ऐकू कमी यायला लागलं. सगळी नोकरी टर्बाइनच्या घरघरीत गेलेली. पण सर मान्य करतील तर शपथ! काकू स्वयंपाकघरातून हाका मारून थकायच्या. म्हणायच्या, "ह्यांना आकाशगंगेतलं ऐकायचंय, मागच्या खोलीतलं नाही!" एक दिवस त्या सरांच्या पाठीमागे उभ्या राहून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गुलाबजाम केलेत." सर ढिम्म! काकूंनी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

मी आणि भामरे सोबत गेलो. जिन्यात सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आपलं सगळं कामच ऐकण्याचं. मला ऐकू येत नाही असं ठरलं, तर मंडळात मी कशाला?"  इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आत काचेची छोटी, बाहेरचा आवाज न येणारी खोली. तपासणाऱ्या मुलीने सरांना आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "काका, बारीक टूं असा आवाज येईल. आला की बटण दाबायचं. अगदी हळू आला तरी." दार ओढून ती बाहेर आली. सरांनी बटण दाबलं की इकडे टेबलावर दिवा लागणार होता.

सरांनी डोळे मिटले. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ताठ बसले. आम्ही तिघं दिव्याकडे बघत.

काहीच नाही. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

मग दिवा लागला!

थोड्या वेळाने पुन्हा लागला. मग लागोपाठ दोनदा. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. "सुनंदा, येतंय गं त्यांना ऐकू!" त्यांच्या डोळ्यांत पाणी. दिवा लागत होता, विझत होता. एक, मग दोन, मग तीन. जरा थांबून पुन्हा एक, दोन, तीन. भामरे पुढे वाकला. "ताई, हे तर लायनीत शे!"

तेवढ्यात ती मुलगी कपाटाकडून वळली. हातात कसली तरी वायर. "अय्या, काका बटण का दाबतायत? आवाजाचं मशीन मी अजून चालूच केलेलं नाही!"

मी जाऊन दार उघडलं. सरांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"सर, मशीन बंद आहे! अजून सुरूच झालं नाही!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग काचेतून त्या मुलीच्या हातातल्या वायरकडे. मग काकूंकडे. आणि हेडफोन पुन्हा कानावर नीट बसवत, ओठांवर बोट ठेवून म्हणाले,

"श्श! दार लावा. परत येतंय."