अर्धा सिंह

तेल्हाऱ्याच्या बेबीकाकू नसत्या, तर जुने गालिचे जमवायचं माझं वेड डोक्यातच राहिलं असतं. आज इथे जयपुरात, मी काम करतो त्या गालिचे दुरुस्त करायच्या कारखान्यात ओल्या लोकरीचा वास आला आणि तो दिवस आठवला.

आठवीत शाळा सुटल्यापासून मी प्राण्यांची, पऱ्यांची चित्रं असलेले गालिचे शोधत फिरायचो. काकू ज्यावर विकायची मेथी मांडायच्या, तो पंखवाल्या सिंहाचा अर्धा गालिचा त्यांनी मला असाच देऊन टाकला. वाटणीत काकूंचा नवरा आणि दीर या दोघा भावांनी तो मधोमध कापला होता. मागचा अर्धा तिवशाला दिराकडे होता. माझ्यासाठी काकू तिथवर आल्या.

तो तुकडा कूलरखाली पाण्यात भिजत पडला होता.

"भाऊजी, या पोराले देऊन टाका. तुमी तर त्याचं पायपुसनं करून राहिले."

"तोंड तुमी नेलं, वयनी. आता शेपूटही पाहिजे काय?"

काकूंनी पुन्हा विनवलं. दिरानं दिला नाही.

परतताना बसमध्ये मी रडकुंडीला आलो. काकू म्हणाल्या, "कावून थोबाड पाडून बसला? अर्धा असला तरी सिंहच हाय."

वाटणीनंतर त्या घराची पायरी काकू पहिल्यांदाच चढल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. आता त्या तुकड्यापेक्षा तेच जास्त सलतं.

मागचा अर्धा मीच विणतोय. शेपटीचा बाक जमत नाही, पुन्हा पुन्हा उसवतो, चिडतो. पण एक दिवस अख्खा सिंह काकूंच्या अंगणात अंथरीन. त्यावर मेथी मांडू देणार नाही, काकूंनाच बसवीन.