पाचट, चुना आणि चाचांची काडेपेटी

मंडळी, आज माझ्या सगळ्या भाकरी गोबरगॅसवर झाल्या!

मागच्या वर्षी आमच्या ह्यांनी उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, कोरडंच गोबरगॅसच्या टाकीत कोंबलं. वर जाड थर साचला, गॅस बंद पडला आणि मी पुन्हा चुलीपुढे. यंदा मीच हट्टाने पाचटाची बारीक कुट्टी करून चुन्याच्या पाण्यात मऊ होईस्तोवर भिजवली, मग शेणात कालवून टाकली.

सकाळी शेजारचे रशीदचाचा सांगायला आले, आज रानातलं पाचट पेटवतोय म्हणून. शेगडीची निळी ज्योत बघून टाकीत काय घातलंय ते सगळं विचारून घेतलं. मग खिशातली काडेपेटी काढून ओट्यावर ठेवली.

"ही घे सूनबाई, तुझी शेगडी पेटवायला. माझं पाचट बी घेऊन जा, लई हाय."

तुमच्या शिवारात आज धूर दिसतोय का?