भर दुपारची बत्ती

मयेकरसरांना मी प्रथम पाहिलं ते भाईंदरच्या त्यांच्या फोटो स्टुडिओत. कॉलेज संपवून काम मागायला गेलो होतो. आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले आणि माझी चाळिशी उलटली. हल्ली एका समारंभाचे फोटो काढून झाले की आम्ही दोघंही भिंतीला पाठ टेकून बसतो.

सरांची एक शिस्त होती. माणसाच्या पाठीमागे ऊन असेल, तर भर दुपारीही ते कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावत. "कॅमेरा उजेडाला भुलतो," ते सांगत. "आभाळ छान येतं, माणूस काळा पडतो."

भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पालीला एका ख्रिस्ती कोळी कुटुंबाची नवी होडी फादरांच्या आशीर्वादाने पाण्यात जायची होती. सरांना ताप होता, म्हणून मी एकटाच गेलो. मागे होडी, समुद्र, ऊन. पुढे सगळं घर. थोरला मुलगा पास्कू जहाजावरच्या नोकरीतून आला होता, संध्याकाळी परत निघणार होता. मी फ्लॅश चढवला तशी त्याची आई, बाय, म्हणाली, "एवढा सूर्य हाय, तुला पुरत न्हाय काय?" सगळे हसले. मी फ्लॅश बंद केला. लाजेने केला की कंटाळ्याने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रोल धुतला. होडीवरची पताका न पताका स्पष्ट, माणसं काळी.

सर रागावले नाहीत. अंगात ताप असताना दोन दिवस लॅबमध्ये बसून त्यांनी प्रिंट उजळून पाहिल्या. चेहरे राखाडी झाले, एवढंच. मग मला स्कूटरवर मागे बसवून ते पालीला गेले. "बाय, चूक माझ्या हातून झाली," ते म्हणाले. मी शेजारी उभा होतो. बोललो नाही.

बायने फोटो डोळ्यांजवळ नेला. "उभा कसा ऱ्हायलाय त्यावरनं वळखते मी पास्कूला. पन तोंड न्हाय आलं."

दोन वर्षांनी पास्कू रजेवर आला, तेव्हा सरांनी पुन्हा मलाच पाठवलं. "हसू दे त्यांना," एवढंच म्हणाले. या वेळी मी फ्लॅश लावला. चेहरे आले. खरं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

बाय आता फार थकल्या आहेत. या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे, ती चूक कोणाची होती ते सांगायला. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो; आणि तूर्त त्यांचे गुडघे इतके बरे राहोत, की मी बोलेन तेव्हा ते शेजारी उभे असतील.