लॉरीवालीचं कार्ड

इंदापूरच्या बाजारतळावर तंबू सिनेमाची लॉरी उभी होती आणि त्या लॉरीत सिंधुबाईचा संसार. मागचं फळकूट खाली सोडलं की ओटा तयार. त्यावर स्टो, स्टोवर चहाचं आधण, बाजूला तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. आत सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये जागा करून तिचा नवरा महिपती घोरत पडलेला. तो मशीन चालवायचा. खेळ सुटल्यावर आडवा झालेला माणूस ऊन अंगावर आल्याशिवाय उठत नसे. सिंधुबाईनं कपबशा विसळल्या, तुळशीला पाणी घातलं आणि चहाच्या पुडीचा डबा उघडला, तेवढ्यात लॉरीच्या पत्र्यावर कुणीतरी टकटक केलं.

तिचा हात डब्यातच राहिला. लॉरीकडे येणारी माणसं लांबूनच हाळी देत, "ओ तंबूवाले, आज कंचा खेळ?" लॉरीलाही दार असतं असं मानणारं माणूस एकच होतं, आणि ते या वेळी बारामतीत असायला हवं होतं.

"सिंधू, आहेस का गं घरात?"

सारजाबाईच होत्या. बारामतीच्या मुलींच्या शाळेतल्या बाई. बहिणीच्या घरी बारशाला इंदापूरला आलेल्या, आणि सकाळच्या मोटारीनं परत निघालेल्या.

"या की बाई," सिंधुबाई म्हणाली. 

सारजाबाईंची आणि तिची गाठ मागच्या हिवाळ्यातली. बारामतीला तंबू शाळेशेजारी लागला होता. वाण्याकडून गूळ ज्या कागदात आला तो कागद उलटसुलट करून सिंधुबाई भर रस्त्यात वाचत उभी होती, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं तिला दोन शिव्या हासडल्या तरी तिला पत्ता नव्हता. सारजाबाईंनी ते पाहिलं. लोणी भापकरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन तंबूत आली आणि वाचन गुळाच्या कागदावर आलं, हे कळल्यावर त्या तिला सरळ वाचनालयात घेऊन गेल्या.

ग्रंथपालानं नाव लिहिलं आणि टाक खाली ठेवला. "पत्ता काय घालू? आज बारामती, उद्या भिगवण, परवा इंदापूर. लॉरीचा नंबर घालू का?"

पेपर वाचत बसलेले चारपाच जण हसले. सिंधुबाईची मान खाली गेली.

"माझा पत्ता घाला," सारजाबाई म्हणाल्या. "पुस्तक बुडालं तर माझ्या दारात या."

तेव्हापासून ते जाड पिवळं कार्ड सिंधुबाईच्या पेटीत लुगड्याच्या घडीत असे. लॉरी बारामतीवरून गेली की पुस्तक बदलायचं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत शिरताना तिचे पाय अडखळत, म्हणून सावळाराम शिपाई तिला मागच्या पडवीत पुस्तक आणून देई. "हे घे ताई, लई रडवतंय म्हणत्यात," असं काहीतरी वर सांगे. तिची पुस्तकं गावोगाव हिंडून वेळेवर परत येत. एकच आलं नाही.

ती कादंबरी जाडजूड होती आणि तिची पाठ सुटलेली होती. पानं लोंबत होती. सिंधुबाईला ते बघवेना. तंबूच्या जाहिराती भिंतीवर चिकटवायला ती रोज पातेलंभर खळ शिजवायची. त्यात मोरचूद टाकायचा, नाहीतर पिठाच्या वासानं उंदीर कागद खातात, हे तिला चांगलं ठाऊक. पण मोरचुदानं निळा डाग पडतो. दुसऱ्याच्या पुस्तकाला डाग कसा पाडायचा? म्हणून तिनं नुसत्या पिठाची दाट खळ केली, पाठीला हलक्या हातानं नीट लावली, फडकं चिकटवलं आणि वाळायला पेट्यांवर ठेवलं. सकाळी बघते तर उंदरांनी पाठ तर खाल्लीच, शेवटची पानंही कुरतडून चाळण केली होती.

त्यानंतर लॉरी एकदा बारामतीवरून गेली, तेव्हा ती पेट्यांच्या आड पदर तोंडावर घेऊन बसून राहिली होती.

"अगं, तुझं पुस्तक येईपर्यंत मलाही पुस्तक देत नाहीत," सारजाबाई फळकुटावर टेकत हसून म्हणाल्या. "माझा रविवार जाता जात नाही. म्हटलं, आलेच आहे तर घेऊन जावं. संपलं नसेल तर पुढचं मी तुला तोंडी सांगते!"

सिंधुबाईनं चहात साखर टाकली. ढवळत राहिली.

"मी तर दिलं की बाई," ती म्हणाली. "मागं लारी आली व्हती तवा. सावळारामाच्या हातात."

सारजाबाईंचा चेहरा बदलला. पण राग सिंधुबाईवर नव्हता.

"असं होय! आणि तो मला सांगतो, लॉरीवाली ताई आणून देईल, तुम्ही घोर लावून घेऊ नका. म्हणजे यानंच हरवलं! मागे एक पुस्तक त्याच्या हातून गहाळ झालंय. कमिटीनं बजावलंय, पुन्हा झालं तर घरी बस."

"आसंल कुठंतरी ठेवलेलं…"

"त्याची बाजू नको घेऊस. तू दिलंस म्हणतेस ना, मग दिलंसच. आज गेल्या गेल्या सांगते."

त्यांनी चहा घेतला, कप उपडा ठेवला, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मोटार स्टँडकडे चालू लागल्या. पाठीवरच्या त्या हाताची जागा सिंधुबाईला भाजल्यासारखी झाली.

आतून महिपतीचा आवाज आला. "पुस्तक तर तुज्या पेटीत हाय."

"तुमी जागं व्हता?"

"आता एवढ्या गप्पांत कोण झोपंल?" तो उठून बसला. "उंदरानं खाल्लं म्हणाली आसतीस तर बाई काय खाणार व्हती का तुला? त्या सावळारामाला दोन लेकरं हायती. पडवीत पुस्तक घेऊन उभा ऱ्हायचा बिचारा. लई शिकली तू."

 सिंधुबाईनं पेटी उघडली, लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं, कार्ड कमरेच्या चंचीत खोचलं आणि पायात वहाण न घालताच धावत सुटली. स्टो तसाच फरफरत राहिला.

मोटार लागलेली होती. टपावर भाजीच्या पाट्या चढत होत्या. कंडक्टर "बारामती, बारामती" करत होता. सारजाबाई पायरीवर पाय ठेवणार तोच तिनं त्यांचा पदर धरला आणि लुगडं उलगडून पुस्तक पुढं केलं.

सारजाबाईंनी ते हातात घेतलं. कुरतडलेल्या पानांचा भुगा त्यांच्या पातळावर पडला. त्यांनी तो झटकला नाही.

"खळ लावली व्हती मी," सिंधुबाई म्हणाली. "मोरचूद न्हाय घातला. डाग पडंल म्हणून. मग उंदरानं…"

"ते कळलं मला. सावळारामचं नाव कसं आलं तुझ्या तोंडात?"

सिंधुबाईला खोटं सुचलं, पण आता ते जिभेवर येईना.

"ग्रंथपालाचं नाव घेतलं आसतं तर कुणी खरं मानलं नसतं," ती कशीबशी म्हणाली. "सावळाराम गरीब हाय. त्याचं कोण ऐकणार न्हाय, आसं वाटलं मला. तेवढ्यात वाटलं. लगीच."

सारजाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत नेहमीच्या बाई नव्हत्या. शाळेतल्या पोरींना हीच नजर ठाऊक असावी.

"मी त्याला शिव्या घालणार होते गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चारचौघांत."

"ओ बाई, बसताय का ऱ्हाताय?" कंडक्टर ओरडला. "बोलायचं आसंल तर आत बसून बोला, मोटार काय कान देत न्हाय!"

आतली माणसं हसली. एका म्हातारीनं सिंधुबाईच्या अनवाणी पायांकडे बघून नाक मुरडलं. सिंधुबाईनं पदरानं तोंड पुसलं. कमरेची चंची काढून तिनं तिच्यातलं पिवळं कार्ड सारजाबाईंच्या हातात, त्या पुस्तकावर ठेवलं.

"मी बी येते बारामतीला, याच मोटारीनं," ती म्हणाली. "कार्ड काढून घेतलं तरी चालंल. सावळारामाला अन् ग्रंथपालाला मी माज्या तोंडानं सांगते. मी सांगत आसताना तुमी फकस्त माज्या शेजारी उभ्या ऱ्हावा."